बाळकुमचा ळ

लॅब असिस्टंटवर प्राध्यापिकेनं जळावं का? जळू नये. पण मी जळते, आणि गेली एकवीस वर्षं जळतेय. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं लिहायला मी मोकळी.

त्याचं नाव सुदेश भोईर. राहणार बाळकुम, म्हणजे टॉवरांच्या मधे अजून शिल्लक आहे त्या जुन्या गावात. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज माजिवड्याच्या पुढे, त्यामुळे तो बाइकवर दहा मिनिटांत येतो. मी येते डोंबिवलीहून. मी घामाघूम होऊन पोचते तेव्हा हा लॅबचं कुलूप काढून, पंखे लावून, कुणाशी तरी हसत उभा असतो. आम्ही दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो, मी लेक्चरर म्हणून आणि तो असिस्टंट म्हणून. सुदेश कधी लागला ते सगळ्या कॉलेजला पाठ आहे. माझं विचारलं तर म्हणतात, ‘‘गद्रे मॅडम तुम्ही नंतरच्या ना?’’

त्याचे वडील दगडू भोईर खाडीत मासे मारायचे. खाडीतली मासळी संपत आली तेव्हा सुदेश डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. शिक्षण सोडलं आणि मिळेल त्या नोकरीला लागला. याची त्याला खंत असेल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. नाही हो! एकदा विचारलं तर म्हणाला, ‘‘मॅडम, दुसऱ्या वर्षाचं गणित मला झेपलंच नसतं. बरं झालं मासळी गेली.’’ आणि हसला. मला त्या हसण्याचाही राग आला. माणसाला थोडी तरी खंत असावी की नाही?

प्रोजेक्टर बंद पडला की मुलं मला सांगत नाहीत, सुदेशदादाला हाक मारतात. कुणाला घरी बरं नाही, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं त्याला माहीत. शिक्षकदिनाला त्याच्या टेबलावर फुलांचा ढीग. माझ्या टेबलावर एक गुलाब, तोही जिची हजेरी कमी भरत होती त्या मुलीचा. दुपारी तो लॅबमागच्या खोलीत सुकट-भाकरी खायचा. वास येतो म्हणून मी लेखी तक्रार केली. दुसऱ्या आठवड्यात बघते तर आमच्याच विभागातले तीन मास्तर त्याच्या डब्यात हात घालून बसलेले. तक्रारीचं पुढे काय झालं, देव जाणे.

आता माझा विषय सांगते. घाबरू नका, सोपा आहे.

समजा, मोठ्या गर्दीत चाळीस माणसं फिरतायत. प्रत्येकाकडे फोन आहे पण नेटवर्क मेलेलं आहे. तरी एक फोन तीस-चाळीस पावलांवरच्या दुसऱ्या फोनशी थेट बोलू शकतो, टॉवरबिवर लागत नाही. याने त्याला सांगितलं, त्याने पुढच्याला, असं करत निरोप कुठच्या कुठे जातो. अडचण एकच. मला हवी ती माहिती या चाळिसातल्या कुणाच्या फोनमध्ये आहे? आणि ज्याच्याकडे आहे तो काही एका जागी उभा नाही. सगळ्यांना विचारत सुटलं तर बोंबाबोंब होते आणि तासाभरात बॅटऱ्या संपतात. मी काय केलं, तर प्रत्येक शब्दाला एका सूत्रातून काढून त्याचा आकडा करायचा. त्या शब्दाची माहिती कुठे आहे हे कोणत्या फोनने लक्षात ठेवायचं, ते तो आकडा ठरवतो. तो फोन चालत चालत लांब गेला तर जाताना आपल्याकडची यादी शेजारच्या फोनला देऊन जातो. शोधणाऱ्याने तोच शब्द त्याच सूत्रात घालायचा की नेमका पत्ता मिळतो. कुणाला ओरडून विचारायला नको.

यावर मी अकरा वर्षं घालवली आणि पीएचडी मिळवली. पण माझं हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच चालायचं. खऱ्या गर्दीत, खऱ्या माणसांच्या हातात ते कधी गेलंच नव्हतं. आणि प्रोफेसर व्हायचं तर मला तसा एक भक्कम पेपर हवा होता. मागून आलेले दोघे माझ्या पुढे निघून गेले होते. मी पंचेचाळिशी ओलांडलेली. आता नाही तर कधीच नाही, अशी वेळ.

गर्दी कुणी मिळवून दिली? सुदेशने. दुसरं कोण देणार!

टेंभी नाक्याच्या नवरात्रात त्याच्या ओळखीतला स्वयंसेवकांचा एक गट दरवर्षी हरवलेल्या माणसांसाठी टेबलं लावतो. एक टेबल गर्दीच्या या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधे फिरणारी मुलं. सुदेश त्यांच्यात पंधरा वर्षं आहे. तो म्हणाला, ‘‘मॅडम, आपली पोरं घेऊन जाऊ. अष्टमीला तिथं नेटवर्क लागतच नाय. तुमच्या कामाला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली?’’ मला एकवीस वर्षांत ठाण्यात दहा माणसं ओळखीची झाली नाहीत. याने एका फोनवर सगळं ठरवून टाकलं.

आधी आठवडाभर लॅबमध्ये तालीम चालली होती. सापडलेल्या माणसाचं नाव, गाव, वय, फोटो मुलांनी फोनमध्ये भरायचा. शोधायला आलेल्या नातेवाइकाकडून नाव-गाव घ्यायचं, टाकायचं, की त्याची नोंद समोर. सुदेश मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘‘मॅडम, एक सांगू? माणूस बोलेल तसं पोरं लिहितील. आणि घरचे वेगळंच सांगतील. तुमचा आकडा चुकंल.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे शब्द आधी बोबडा करून घ्या ना. लहान पोर बोलतं तसा. ळ चा ल, ण चा न, र्‍हस्व-दीर्घ सगळं एकच. मग आकडा काढा. दोन्हीकडून बोबडं केलं तर दोघं एकाच जागी येतील.’’

मुलं हसली. मीही हसले, पण माझं हसणं वेगळं होतं. माझे बाबा, आनंद गद्रे, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या घरी किराण्याच्या यादीत चूक सापडली तरी लाल पेनाने दुरुस्त व्हायची. मी म्हटलं, ‘‘सुदेश, भाषा बोबडी करायची नसते, मुलांना शुद्ध लिहायला शिकवायचं असतं.’’ आणि ठाण्याच्या आसपासच्या सगळ्या गावांची शुद्ध नावं छापून प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. बाळकुम, ढोकाळी, कोळशेत, कळवा. बघा, किती ळ आहेत आपल्याकडे!

सुदेशचं तोंड जरा उतरलं. म्हणून जाता जाता सहज म्हटलं, ‘‘अरे, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं डोकं कुठे कामी आलं तर पेपरात तुझं नाव टाकते.’’

‘‘खरंच मॅडम?’’

‘‘टाकते म्हटलं ना.’’

बोलायला माझं काय जात होतं? पण हा गृहस्थ घरी जाऊन सांगून मोकळा. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, ‘‘आमचा म्हातारा विचारत होता, पेपरात नाव किती मोठं छापतात?’’ त्याला वर्तमानपत्र वाटलं असणार. मी हो-हो म्हणून वेळ मारून नेली.

अष्टमीचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाच वाजता टेंभी नाक्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी एका टोकाच्या टेबलावर बसले होते. दुसऱ्या टोकाला आमचा हर्षित, तिसऱ्या वर्षाचा मुलगा, हुशार, पण मराठी म्हणजे आनंदीआनंद. सुदेश मधे फिरणाऱ्या मुलांना पाण्याच्या बाटल्या वाटत गर्दीत हिंडत होता. पहिल्या तासात चार मुलं आणि एक आजोबा सापडले, माझ्या सूत्राने. एका आईने माझा हात धरून डोळ्यांना लावला. खरं सांगते, नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. मनात पेपरातलं पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं होतं.

सव्वासहाला एक माणूस धापा टाकत आला. कमलेश पाटील, बाळकुमचा. आई हरवली होती. शांताबाई पाटील, वय बहात्तर, हिरवं लुगडं. साखरेची गोळी घ्यायची वेळ झालेली, दुपारपासून पोटात काही नाही. मी शांतपणे टाकलं: शांताबाई, बाळकुम. फोनने दोन क्षण विचार केला आणि लिहिलं, नोंद नाही.

‘‘तुमची आई अजून कुठल्याच टेबलावर आलेली नाही,’’ मी म्हणाले.

तो गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. पुन्हा तेच, नोंद नाही. तो म्हणाला, ‘‘मॅडम, त्या टोकाला एकदा जाऊन बघू का? गर्दीतून जायला अर्धा तास लागेल, पण बघू का?’’ आणि मी, ऋजुता गद्रे, पीएचडी, त्याला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, ‘‘कशाला उगाच? तिथे असती तर इथे दिसलं असतं. ही सिस्टीम चुकत नाही. तुम्ही तलावाच्या बाजूला शोधा.’’

तलाव म्हटल्याबरोबर त्या माणसाचा चेहरा कसा झाला! माझ्या मनात तसलं काही नव्हतं, मला फक्त दिशा सांगायची होती. तो पळत सुटला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पावणेआठ झाले होते आणि तो रडत होता. एवढा थोराड माणूस, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत होता.

तेवढ्यात सुदेश आला. ‘‘अरे कमल्या? काय झाला रं?’’ दोघं एकाच गावचे. कमलेशने सांगितलं. सुदेशने माझ्याकडे पाहिलं, विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही काय टाकलंत?’’

‘‘बाळकुम. दुसरं काय टाकणार?’’

‘‘आणि नाव?’’

‘‘शांताबाई.’’

‘‘अहो मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘त्या म्हातारीला आख्ख्या जन्मात कुणी शांताबाई म्हटलं नाय. ती शांतीबाय. आणि आमच्यात ळ नाय ओ.’’

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. परवानगी नाही, काही नाही. टाकलं: बालकुम. क्षणात फोटो समोर. हिरवं लुगडं, हातात कुणीतरी दिलेलं बिस्किट. शांतीबाय, बालकुम. नोंद झाल्याची वेळ, सहा वाजून पाच मिनिटं. म्हणजे कमलेश पहिल्यांदा माझ्यापुढे आला त्याच्याआधी दहा मिनिटं ती हर्षितच्या टेबलाशी खुर्चीवर बसलेली होती. आणि पुढचा दीड तास मी तिच्या मुलाला नाही म्हणून सांगत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वळसा घालायला लावणारी मी. एक अक्षर बदललं की माझ्या सूत्रात आकडाच बदलतो. ‘बाळकुम’चा पत्ता एका फोनकडे आणि ‘बालकुम’चा भलत्याच फोनकडे. हर्षितने छापील कागद बघितलाच नव्हता. म्हातारी जे बोलली ते त्याने लिहिलं. मी नंतर त्याला झापायला गेले तर तो म्हणाला, ‘‘मॅम, तिने बालकुमच म्हटलं. मी दोनदा विचारलं.’’ खरंच तर होतं. चूक त्याची कुठे होती?

सुदेश कमलेशला हाताला धरून गर्दीत घुसला. पाऊण तासात म्हातारीला घेऊन दोघं माझ्या टेबलापाशी. तिला गरगरत होतं, पण शुद्धीवर होती. ‘‘मना घरा जावाचा हाय,’’ एवढंच म्हणत होती. कमलेशने सुदेशला मिठी मारली, सगळ्या स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मी टेबलामागे उभी. म्हातारी सापडली याचा आनंद मला झाला, होणारच, मी काही राक्षस नाही. पण त्याच्याआधी, अगदी त्याच्या क्षणभर आधी, माझ्या मनात आलं की हा आज आला नसता तर बरं झालं असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी शब्द बोबडा करून घेतला. चार ओळींचं काम. जे मला अकरा वर्षांत सुचलं नाही ते चार ओळींत बसलं. आणि सगळ्यात झोंबलं काय सांगू? ही गोष्ट काही नवीन नाही. उच्चारावरून शब्द जुळवणं पुस्तकात आहे, मी स्वतः दुसऱ्या वर्षाला शिकवते. शिकवते आणि माझ्याच कामात वापरावं असं मला वाटलं नाही, कारण बाळकुममध्ये ळ आहे की नाही याबद्दल मला कुणाला विचारायची गरजच वाटली नव्हती. सुदेशने पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण तो त्या गावात जन्मला होता.

पुढल्या वर्षीच्या अष्टमीला पुन्हा चाचणी घेतली. एकसष्ट नोंदी, एकही चुकली नाही. पेपर लिहायला बसले. वर माझं नाव लिहिलं. खाली सुदेश भोईर लिहिलं. बघत बसले आणि खोडलं. चहा घेऊन आले, परत लिहिलं. मग मला दिसायला लागलं, की हे छापून आल्यावर कॉलेजात काय होईल. सगळे लॅबकडे धावतील, ‘‘सुदेश, अभिनंदन!’’ मुलं पार्टी मागतील. आणि माझ्याकडे बघून म्हणतील, बरं झालं मॅडम, तुम्हाला सुदेश मिळाला. माझी अकरा वर्षं कुणाला दिसणार नाहीत, त्याच्या चार ओळी दिसतील. खोडलं आणि पाठवून दिला. मनाची समजूत घातली की लॅब असिस्टंटची नावं पेपरात कोण घालतं? नियम तरी आहे का तसा? घालू नयेत असाही नियम नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पेपर छापून आला. जूनमध्ये मी प्रोफेसर झाले. सुदेशने लॅबमध्ये पेढे वाटले, स्वतःच्या खर्चाने. ‘‘आपला पेपर छापून आला’’ म्हणून सगळ्यांना सांगत होता. आपला! मी मूग गिळून पेढा खाल्ला.

दोन दिवसांनी म्हणाला, ‘‘मॅडम, मला पाठवा ना एकदा.’’ काय सांगणार? पाठवला. दुपारी मी लॅबमध्ये गेले तर हा कोपऱ्यात स्टुलावर बसून फोनमध्ये काहीतरी टाकत होता. मी मागे जाऊन उभी राहिले. त्या बारा पानांच्या पेपरात तो शोधत होता. सुदेश, इंग्रजीत. शून्य सापडले. मग भोईर, ओ-आय घालून. शून्य. मग ओ-वाय घालून. शून्य. मग आय च्या जागी दोन ई. मी बघतेय हे कळल्यावर दचकला.

‘‘मॅडम, तुम्ही स्पेलिंग कसं टाकलंय ओ माझं? आधारवर वेगळं आहे, पगाराच्या स्लिपवर वेगळं आहे. मी सगळी करून बघितली.’’

त्याला शंकासुद्धा आली नव्हती. नाव आहेच, फक्त वेगळ्या अक्षरांत असेल आणि ते आपल्याला सापडत नाही, अशी त्याची खात्री.

‘‘सुदेश, नाव नाही आलं त्यात,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणजे, नाही टाकता आलं.’’ तेवढ्यातही मी ‘टाकलं नाही’ म्हटलं नाही, ‘टाकता आलं नाही’ म्हटलं. व्याकरण बाबांनी चांगलं शिकवलं होतं ना!

‘‘हां,’’ तो म्हणाला. ‘‘नसेल बसत तसं. असू दे.’’ मग फोन खिशात ठेवला, तिसऱ्या रांगेतला एक कॉम्प्युटर चालत नव्हता तो उघडून बसला. मला वाटलं होतं, चिडेल, बोलेल, चार लोकांत जाऊन माझी अब्रू काढेल. मग मलाही भांडता आलं असतं. पण त्याने मला ती सोयसुद्धा दिली नाही. जाताना मात्र प्रिंटरवर त्याने एक पान काढलेलं मी पाहिलं. पेपरचं पहिलं पान.

त्यानंतर सुदेश वागायला तसाच राहिला. पंखे लावलेले, टेबल पुसलेलं, ‘‘मॅडम, आज उशीर?’’ मीच त्याच्याकडे बघायचं टाळायची.

या वर्षी दगडूकाकांना पंच्याहत्तरावं लागलं. सुदेशने सगळ्या विभागाला घरी बोलावलं. मी जाणार नव्हते. पण बाकीचे सगळे निघाले आणि मी एकटी मागे राहिले असते तर चोराच्या मनात चांदणं. गेले.

बाळकुमच्या त्या गल्लीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. बसकं, स्वच्छ घर, दारात मोठी रांगोळी. सुदेशची बायको रुचिता हसून पुढे आली. कॉलेजातल्या सगळ्यांची मुलंबाळं तिला नावानिशी माहीत. बाकीचे अंगणात जेवायला बसले. मला मात्र ‘‘मोठ्या मॅडम’’ म्हणून आत नेलं, काकांच्या शेजारी खुर्ची दिली. बारीक, काळे, कानाने थोडे कमी, डोळे मात्र लख्ख. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

भिंतीवर देवाच्या तसबिरीच्या बाजूला तशीच चौकट करून ते पान लावलेलं होतं. पेपरचं पहिलं पान. वर मोठ्या अक्षरांत शीर्षक, खाली एकच नाव, त्याखाली कॉलेजचा पत्ता. कडेला हळदीकुंकू.

काका उठले. मलाही उठवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठीसुद्धा सही करण्यापुरतंच. चौकटीजवळ नेऊन त्यांनी बोट ठेवलं, काचेवर, बरोबर माझ्या नावावर.

‘‘मॅडम, ह्या माजे पोराचा नाव ना?’’

सुदेशने घरी काय सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. मागे वळून पाहिलं. सुदेश दारात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. तो खाली बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या माणसाला मी पहिल्यांदाच लाजताना पाहिलं, आणि तो लाजत होता माझ्या चोरीसाठी.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढी शिकलेली बाई सांगेल तेच खरं, असं बघत होते.

‘‘हो काका,’’ मी म्हणाले. ‘‘हे सुदेशचंच नाव.’’

म्हाताऱ्याने मान डोलावली. ते बोट त्यांनी कपाळाला लावलं.

रुचिता चहाचा कप घेऊन माझ्या बाजूला कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. ती बारावी झालेली आहे, इंग्रजी वाचता येतं तिला. इतके महिने रोज ती त्या चौकटीवरची धूळ पुसत असणार. तिने कप माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, ‘‘मॅडम, मग तुमचं नाव कुठंय?’’

मी पानाकडे पाहिलं.

‘‘माझं नाहीये,’’ मी म्हणाले.